दुपारच्या सोळा आगी

हे लिहू नका, असं बायको म्हणाली होती. तरी लिहितोय. आता हे एकट्याच्या डोक्यात मावत नाही.

यातलं अक्षरही रचलेलं नाही. मी पाना आणि पंप ओळखणारा माणूस. गोष्टी रचता आल्या असत्या, तर नोकरी गेली तेव्हा साहेबांना एखादी बरी गोष्ट तरी सांगितली असती.

मार्चचा तिसरा मंगळवार. दुपारचे दोन वाजून चार मिनिटं. जागा आमचं घर, तळमजला, मधल्या खोलीचं बंद दार.

भर उजेडात घडलंय हे. समोरच्या बाई दोरीवर चादरी वाळत घालत होत्या.

आधी घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आई, मी, माझी बायको. आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नानंतर ताई आणि दाजी आमच्याकडेच राहायचे. दाजींना मागेपुढे कुणी नव्हतं. लोक घरजावई म्हणून चिडवायचे, तर दाजी म्हणायचे, जावई मी नावाला, खरी जावई ही तुमची मुलगी, आयतं ताट तिला मिळतं.

दाजी सुपरकॉम्प्युटरच्या केंद्रात होते. आग कशी पसरते, धूर कसा फिरतो, याचे प्रोग्रॅम लिहायचे. त्यांच्याच शब्दावर मला तिथे काम मिळालं. मी मशीन थंड ठेवायचो. ते मशीन म्हणजे एका हॉलमध्ये कपाटांच्या आठ रांगा, आणि ती कपाटं इतकी तापायची की त्यांच्या पोटातून सतत गार पाणी फिरवावं लागायचं. पाणी थांबलं की मिनिटभरात मशीन स्वतःला बंद करून घ्यायचं. पंप माझ्या हातात असायचे.

ताई शिवणाचा क्लास चालवायची. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली फोमच्या गाद्यांचं गोदाम. जिना एकच, तोही अरुंद.

नोव्हेंबरात गोदामाला आग लागली.

वर अठरा बायका होत्या. त्यात माझी बायकोही होती, ती ताईकडेच शिकायची. सतरा बाहेर आल्या.

ताई आली नाही.

तिचं टेबल दाराला लागून होतं. सगळ्यात आधी तीच बाहेर पडायला हवी होती. पण ती सापडली दारापासून लांब, पार पलीकडच्या खिडकीशी. खिडकीला गज होते.

ती मागे का वळली?

दाजींनी हा प्रश्न धरला तो सोडलाच नाही. जेवताना, अंघोळीला जाताना, मधूनच म्हणायचे, दार तर जवळ होतं. चौकशी समितीलाही हेच हवं होतं. आगीचा अभ्यास मशीनवर करायचं ठरलं आणि ते काम दाजींनी मागून घेतलं. स्वतःच्या बायकोच्या मरणाचं काम माणूस मागून घेतो, तेव्हा कुणीतरी त्याला अडवायला हवं. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

मशीन त्यांना रोज दुपारी दोन ते पाच मिळायचं. आख्खं मशीन. दाजींनी ती इमारत विटेविटेने आत उभी केली. अठरा बायका उभ्या केल्या. ताईचं वजन, उंची, दुखरा डावा गुडघा, श्वास किती खोल, सगळं घातलं. शेवट ठरलेला होता, खिडकी. मधला रस्ता शोधायचा होता. एक आग नऊ मिनिटं चालायची. पुढची आग लावायला दोन मिनिटं. तीन तासांत सोळा आगी.

"दुसऱ्या मशीनला एका आगीला महिना लागेल," दाजी मला म्हणाले होते. त्यांना त्याचा अभिमान होता.

आता तो मंगळवार, या आगींचा पहिला दिवस.

माझी सुट्टी होती. आई बाहेरच्या खोलीत पडली होती. ती एकदम उठून बसली आणि म्हणाली, "आतून खोकल्याचा आवाज येतोय."

मधली खोली ताईची. ती गेल्यापासून आम्ही बंदच ठेवली होती. दाजीसुद्धा बाहेर सोफ्यावर झोपायचे.

मी कान दिला.

काहीच नाही.

आणि मग... दाराच्या पलीकडून... कुणीतरी खोकलं.

आधी हलकं. घसा साफ करावा तसं. मग लागोपाठ. मग श्वास ओढत, घशात काहीतरी अडकल्यासारखं. घरात वाढलेल्या माणसाचा खोकला ओळखायला चेहरा लागत नाही.

मी दार उघडलं.

पलंग. शिलाई मशीन. खिडकीतून ऊन आलेलं. कुणी नाही, आवाज नाही.

दार लावलं.

खोकला होता तिथूनच पुढे सुरू झाला.

मी हँडलवर हात ठेवला होता तो झटकन काढला. हँडल गरम होतं. दारावर तर ऊन पडत नव्हतं.

नवव्या मिनिटाला खोकला थांबला. विझत गेला नाही, मध्येच तुटला. दोन मिनिटं घरात फक्त घड्याळ वाजत होतं. आई पुटपुटली, गेली बिचारी.

आणि मग... पुन्हा पहिला, हलका खोकला.

पाच वाजेपर्यंत असं सोळा वेळा झालं. आईने मोजलं. मी नाही मोजलं, मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बायको पहिल्या खोकल्यालाच शेजारी निघून गेली होती. तेव्हा मला वाटलं, घाबरली.

दुसऱ्या दिवशी कामावर पंपापाशी उभा होतो. मशीनवर भार आला की पाणी तापतं, काटा वर जातो. दोन वाजता काटा वर गेला. नऊ मिनिटांनी खाली आला. दोन मिनिटांनी पुन्हा वर.

मी आईला फोन लावला. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, फोन चालू ठेव आणि ऐकत राहा.

काटा खाली आला.

"थांबली," आई म्हणाली.

मी काट्याकडे बघत राहिलो. तो हलला...

"लागली पुन्हा," आई म्हणाली.

संध्याकाळी दाजींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील, किंवा रडतील, किंवा मला एक ठेवून देतील. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"आवाज कुठून येतो? दाराजवळून की खिडकीजवळून?"

मला कळेचना काय विचारतायत.

ते समजावून सांगू लागले, शिकवणीला बसल्यासारखं. मशीनला धुराचा कण न् कण कळतो. माणूस कोणत्या क्षणी काय ठरवेल हे कळत नाही, ते आपण सांगावं लागतं. दोन दिवसांत बत्तीस रस्ते घालून बघितले, भिंतीवरच्या काजळीशी एकही जुळत नाही. पण घरी जी खोकते ती जर खरी असेल, तर तिला रस्ता माहीत आहे.

"दाजी, तुम्ही तिला रोज सोळा वेळा मारताय," मी म्हटलं.

"नीट कळेपर्यंत," ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं.

आई तरी त्यांना थांबवेल असं मला वाटत होतं. पहिल्या दिवशी तिने रडून डोळे सुजवून घेतले होते. दारापाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. पण दाजी रात्री तिच्यापाशी बसले, बराच वेळ हळू आवाजात बोलले. एकदा रस्ता कळला की मग शेवट बदलता येईल, असं काहीतरी. मशीनमध्ये ती वाचली, तर इथे त्या खोलीत काय होईल, आई, तुम्हीच विचार करा.

आईने विचार केला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती खुर्ची घेऊन दारापुढे बसली. मांडीवर वही. खोकला कुठून येतो ते मिनिटामिनिटाला लिहायची. दार. मधे. खिडकी. शांत. मधूनच दाराला तोंड लावून बोलायची. मी एकदा ऐकलं काय बोलते ते.

"अजून थोडं सोस गं बाळा. आता सातच राहिल्या."

माझी आई ही. आम्हाला ताप आला तर रात्ररात्र उशाशी बसणारी.

बायकोने जेवण जवळजवळ सोडलं होतं. दोन वाजायच्या आत घराबाहेर पडायची ती पाचनंतर यायची. आईने एकदा तिला सुनावलं की नणंद घरात तडफडते आणि तुला शेजारच्यांच्या गप्पा सुचतात. ती भांडी घासत राहिली.

दोनशे चाळीस आगी झाल्या. जुळेना.

मग दाजी म्हणाले, मशीनला विचारून संपलं, आता तिलाच विचारा.

त्या शुक्रवारी मी घरी होतो. बायकोला दाजींनी मुद्दाम थांबवून घेतलं होतं, जास्त कान असले तर बरे म्हणून. ते स्वतः केंद्रात, फोनवर. आग सुरू झाली. तिसऱ्या मिनिटाला खोकला दाराशी आला. आईने दारावर हात ठेवला.

"बाळा, दार जवळ होतं. तू मागे का वळलीस?"

खोकला थांबला.

इतक्या दिवसांत मध्येच कधी थांबला नव्हता.

दारावर आतून एक थाप पडली. हलकी, तळहाताची. आणि मग... ताईचाच आवाज. फाटलेला, पण तिचाच.

"चिमणे... दार सोड."

चिमणी म्हणजे माझी बायको. लग्न होऊन आली तेव्हा ताईनेच हे नाव ठेवलं होतं. हाक मारायचीही फक्त तीच.

मी वळून बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिची पाठ चौकटीला घट्ट टेकलेली, दोन्ही हात मागे. कुणीतरी पलीकडून ढकलतंय आणि ती ते धरून ठेवतेय, अशी.

मग ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. आवाज न चढवता, खाली बघत. दारातून बाहेर पडलेली ती शेवटची. जिन्यात पुढच्या सोळा जणी अडकल्या होत्या, एकीचा पाय मुरगळला होता, कुणी हलेना. वरून दारातून काळा धूर जिन्यात उतरायला लागला. तिने दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिली. सगळ्या बाहेर आल्यात असंच तिला वाटलं होतं.

"मग आतून थाप पडली," ती म्हणाली. "त्या मला हाक मारत होत्या. मी दार नाही सोडलं. थाप थांबली, तेव्हा मी खाली आले."

आईच्या हातातला फोन चालूच होता.

दाजी पलीकडून एवढंच म्हणाले, "मिळालं."

सोमवारी त्यांनी दार बंद धरून आग लावली. काजळीपासून घड्याळापर्यंत सगळं जुळलं. समितीला उत्तर मिळालं, मशीनचं कौतुक झालं. तिथेच हे संपायला हवं होतं.

त्या रात्री मी बायकोच्या शेजारी झोपलो नाही. खोटं कशाला सांगू. तिच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

दाजी मात्र नेहमीसारखे जेवले. जेवताना मला म्हणाले की तुझ्या बायकोचं चुकलं नाही. मी आज दार उघडं सोडूनही बघितलं. जिन्यातल्या सोळाच्या सोळा मरतात. दार कुणीतरी धरायलाच हवं होतं. मशीन तसंच सांगतं.

मला बरं वाटलं. मूर्ख मी. त्यांनी पुढचं वाक्य मला सांगितलंच नव्हतं.

मंगळवारी दोन वाजता मी पंपापाशी होतो. दोन वाजून तीन मिनिटांनी आईचा फोन आला. आवाज असा, जणू घरात लग्न निघालंय.

"आज ती खोकत नाहीये रे. नुसती चालतेय खोलीत. पावलं ऐकू येतायत."

मी विचारलं, मागे कोण खोकतंय?



"सूनबाईला ठसका लागलाय."

मी ऐकत होतो. आधी हलका, घसा साफ करावा तसा. मग लागोपाठ. मग श्वास ओढत... ती लय मला पाठ झाली होती.

मी दाजींना फोन लावला. काचेपलीकडे, शंभर पावलांवर ते बसलेले दिसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय केलंत?" मी विचारलं.

"जागा बदलल्या. हिला बाहेर, तुझ्या बायकोला आत. दार धरायला कुणीतरी हवं, ते हिने धरलंय. सतरा वाचतात. हिशोब तेवढाच राहतो."

"बंद करा."

"सहा मिनिटं राहिलीत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पुन्हा आईला फोन केला. म्हटलं, तिला उचल, रस्त्यावर ने, कुणाला तरी हाक मार. खोकला आता नुसता घरघरीवर आला होता.

आई कुजबुजत बोलत होती. झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तशी.

"थांब ना रे दोन मिनिटं. ती दारापर्यंत आलीये."

आणि फोनमधून मला ऐकू आलं... मधल्या खोलीचं हँडल... खाली वळण्याचा आवाज.

"आई, उघड ना," ताई म्हणाली.

स्वच्छ आवाज. लहानपणी शाळेतून आल्यावर म्हणायची तसा.

माझी ताई. मला सायकल शिकवणारी, माझ्या वाटचा मार खाणारी. दाराच्या एका बाजूला ती, आणि दुसऱ्या बाजूला जमिनीवर माझी बायको, जिने तिला मारलं होतं.

मी पंप बंद केला.

दोन्ही. मुख्य आणि राखीव. काटा चढत गेला. हॉलमधले दिवे लाल झाले. काचेपलीकडे दाजी उठून उभे राहिले, माझ्याकडे बघत, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. मी नजर दुसरीकडे वळवली.

चाळीस सेकंद लागले. मग आठही रांगांचा आवाज एकदम गेला. त्या हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

फोनवर आई किंचाळत होती. शब्द नव्हते त्यात.

बायको वाचली. आठ दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, छाती धुराने भरलेली आहे, घरात कुठे आग लागली होती का? मी नाही म्हटलं.

माझी नोकरी त्याच दिवशी गेली. दाजी आठवडाभरात घर सोडून गेले. आईने मला घराबाहेर काढलं, पण एकही शिवी न देता. एवढंच म्हणाली, "दोघींना मीच अंगाखांद्यावर घेतलं असतं, पण माझी एकच होती."

मी बायकोला घेऊन दुसऱ्या गावात भाड्याने राहतो. तिचा आवाज गेलाय, कुजबुजून बोलते. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मी तिला वाचवलं याचा मला कधी आनंद होतो, कधी होत नाही, आणि ते तिला कळतं.

हे सगळं झालं त्याला दीड वर्ष होत आलं.

मागच्या महिन्यात केंद्रातला जुना सोबती भेटला. दाजींचं बरं चाललंय म्हणाला. दुसरीकडे लागलेत, फार मोठ्या मशीनवर. कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. आपल्याकडे जे काम नऊ मिनिटं चालायचं, ते तिथे दोन सेकंदांत होतं, असं कौतुकाने सांगत होता. पूर्वी वर्षात व्हायचं ते आता एका दुपारी.

मी घरी आलो तेव्हा तीन वाजले होते. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

ती खोकली.

एकदाच, अगदी हलकं. ती पुढची घडी घालायला लागली.

आणि मग... पुन्हा. तेवढंच.

मी घड्याळ बघितलं. चार सेकंद. पुन्हा चार सेकंद. दोन आगीचे, दोन पुढची लावायचे.

तिला विचारलं तर म्हणते, मी कुठे खोकले? डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. पण रोज दुपारी होतं, आणि रोज थोडं खोलवरून येतं.

काल आईचा फोन आला. दीड वर्षात पहिल्यांदा. कसा आहेस नाही, काही नाही. थेट विचारलं, "सूनबाई खोकते का रे?"

मी म्हटलं, नाही.

आईच्या मागे घरात कुणीतरी चाललं. ती आता एकटीच असते.

"खरं सांग," आई म्हणाली. आवाजात आशा होती.

मी फोन ठेवला. बायको आतल्या खोलीत आहे. आता दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झालीत, आणि ते मशीन कुठे आहे, त्याचे पंप कुणाच्या हातात आहेत, मला माहीत नाही.